हवालदारांच्या गिटारीतला उजेड

हवालदार जाधव गिटार वाजवायचे कमी आणि तिचं पोट फाडायचे जास्त. बाकीची माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तिथे यांचा स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला असे. एका लग्नात पंगत बसली, पानं मांडून झाली, वाढपी भात घेऊन आला, आणि हवालदार मांडीवर गिटार आडवी घेऊन तिचे स्क्रू काढत बसलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. यजमान काकुळतीला येऊन म्हणाले, "पाव्हणं, आधी चार घास खाऊन घ्या की." हवालदार मान वर न करता म्हणाले, "तुमी वाढा हो. हिचं आतडं तेवढं बघतो आन् आलोच."

त्यांच्या पानावर वाढलेला भात शेवटी मी खाल्ला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या सांगलीत तेव्हा गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रे निघाले होते. ज्याच्याकडे बेलबॉटम आणि एखादं वाद्य, तो कलाकार. मी आठवडाभर शाळेत पोरांना व्याकरण शिकवायचो आणि सणासुदीला ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचो. स्टेजवर माझी खुर्ची हवालदारांच्या शेजारी. म्हणजे त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर बरोबर माझ्या डाव्या कानामागे. त्या कानानं काय काय सोसलं ते त्यालाच ठाऊक.

हवालदार मूळचे कराडजवळच्या मलकापूरचे. उमेदीची सगळी वर्षं सैन्यात, तोफखान्यात काढली. तिथेच शिलाँगकडच्या एका जवानानं त्यांच्या हातात गिटार दिली. पेन्शनीत निघाले तेव्हा बायको आधीच देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. उसाचं रान भावाला देऊन टाकलं आणि सांगलीच्या विश्रामबाग भागात एका गोदामावर पहारेकरी म्हणून राहिले. गोदामामागच्या खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि ती विजेवरची लाल गिटार. एवढाच संसार होता.

आता त्या गिटारीच्या पोटात असं काय होतं? तर पिकअप. तारांच्या खाली लोहचुंबक बसवलेलं असतं आणि त्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की हा पिकअप ते ओळखतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला कळवतो. गिटारीचा आवाज गोड की कर्कश, ते बरंचसं हा तुकडा ठरवतो. एवढी माहिती मला नको असताना मिळालेली आहे. हवालदारांच्या शेजारी बसणाऱ्याला ती टाळता येत नसे.

त्यांचं एकच म्हणणं होतं. "मास्तर, आवाजात उजेड न्हाई."

आमचा कार्यक्रम भक्तिगीतानं सुरू व्हायचा, मग सिनेमातली गाणी, मध्ये कव्वाली, लोकांनी आरडाओरडा केला की लावणी, आणि पुढाऱ्यांच्या बायका उठून गेल्या की एखादं कॅब्रेचं गाणं. हे सगळं एकाच गिटारीवर. हवालदार मला समजावून सांगत, "आवं, भक्तिगीताला कसा पिकअप पायजे? समईगत. लावणीला? गॅसबत्ती. आन् त्या कॅब्रेला मोटरसायकलचा दिवा. एका बत्तीवर समद्यांचं कसं भागवायचं, सांगा!"

मी काय सांगणार? मी म्हणायचो, "हवालदार, लोक गाणं ऐकायला येतात. तुमचा पिकअप ऐकायला कोण येतं?"

"तेच तर दुखणं हाय," असं म्हणून ते पुन्हा स्क्रू काढायला लागत.

गिटारीबरोबर आलेला पहिला पिकअप गुणगुणायचा. मांडवात ट्यूबलाइट लावल्या की घूंऽऽ असा आवाज सुरू. दुसरा कोणी वैतागला असता. हवालदारांनी त्या घूंला षड्ज मानलं आणि सगळी गाणी त्या सुरात बसवायचा हट्ट धरला. "तंबोरा फुकाट मिळतोय की!" पण उसाला पाणी सोडायच्या दिवसांत सगळ्या विहिरींवरचे पंप एकदम सुरू झाले की विजेचा जोर ओसरायचा आणि तो षड्ज चक्क खाली उतरायचा. आमच्या गायिका सुलभाताई गाणं सुरू करायच्या एका सुरात आणि कडव्यापर्यंत हवालदार त्यांना खुणा करायचे, "उतरा, उतरा, खाली या!" भर कार्यक्रमात असा सूर बदलणारा ऑर्केस्ट्रा महाराष्ट्रात दुसरा नसावा.

मग मिरजेच्या स्टेशनात गोव्याच्या गाडीची वाट बघत बसलेला एक वादक त्यांना भेटला. त्याच्याकडून गुळाच्या ढेपेच्या बदल्यात त्यांनी दुहेरी गुंडाळीचा पिकअप मिळवला. हा गुणगुणायचा नाही. आवाज असा भरदार आणि मऊ की मी मनात म्हटलं, सुटलो. हवालदारांनी दोन गाणी वाजवली आणि तोंड कडू करून म्हणाले, "छ्या! गोधडीत तोंड घालून बोलल्यागत वाजतंय." आणि तो काढून बिस्किटाच्या डब्यात टाकला.

तिसरा पिकअप त्यांनी मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानातून करून घेतला. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की तिची तार जिथे नव्यानं गुंडाळून मिळते, तिथे. दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग, प्रत्येक मोटारीशेजारी तोंड उतरलेला एक शेतकरी, आणि त्या रांगेत काडेपेटीएवढी वस्तू घेऊन आमचे हवालदार. मी नको नको म्हणत असताना मलाही नेलेलं.

"माझा ऊस वाळाय लागलाय," एक जण कळवळून म्हणाला, "आन् तुमाला गिटारीचं पडलंय व्हय?"

"गड्या, तुझा ऊस पावसानं तरी वाचंल," हवालदार म्हणाले. "हिला कोण हाय?"

तार जास्त गुंडाळली की आवाज जाड होतो आणि वेढे कमी केले की पातळ, धारदार होतो, हे त्यांनी तिथेच शोधून काढलं. मग काय, दर आठवड्याला वेढे कमी. दुकानदारानं हात जोडले. "हवालदार, आता आत काय ऱ्हायलंच न्हाई!" हवालदार मात्र म्हणत, "आजून थोडी काढ. उजेड पडाय लागलाय."

उजेड कसला, सुरी! पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज यायला लागला. सुलभाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, यांना आवरा हो. यांनी वरची तार छेडली की माझे दात शिवशिवतात." आणि हवालदारांची उलट तक्रार, "सुलभाताई हल्ली तोंडातल्या तोंडात गात्यात. शब्द कळत न्हाईत." मला दोघांचंही ऐकून घ्यावं लागे. या माणसापुढे मी हात टेकले होते.

शेवटी एका गणपतीसमोर भक्तिगीत चालू असताना गिटार अशी किंचाळली की मंडळाच्या अध्यक्षांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. लोक हसले. आमचे मालक बापूसाहेब मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्यातले, आवाजाला सरावलेले गृहस्थ. पण त्यांचाही संयम सुटला. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मास्तर, साताऱ्याचा कार्यक्रम शेवटचा. तिथं गिटार नीट वाजली तर वाजली. न्हाईतर कोल्हापूरचा एक पोरगा तयार हाय. तुमीच सांगा त्यांना. माझ्यानं सांगवत न्हाई."

म्हणजे हेही माझ्याच गळ्यात. मी विश्रामबागेत गेलो आणि सांगून टाकलं. हवालदार कॉटवर बसून ऐकत होते. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

"मंजी काढणार मला."

"नीट वाजवलंत तर नाही काढणार."

"आन् काढलं तर मी कोण वो, मास्तर? गोदामाचं कुलूप."

खरंच त्या माणसाकडे दुसरं काहीही नव्हतं. मी म्हटलं, रविवारी येतो, सगळे पिकअप एकेक करून बसवू आणि साताऱ्यासाठी एक ठरवून टाकू.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. त्यांनी पहिला बसवला, तारा डाख देऊन जोडल्या, वाजवला. घूं आलाच. मग रिवाइंडवाल्याचा तो सुरीसारखा. गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग बिस्किटाच्या डब्यातला, गोव्याच्या माणसाकडचा. त्यावर त्यांनी आमच्या लावणीतला गिटारीचा तुकडा वाजवला. काय वाजला म्हणून सांगू! माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस हा आवाज डब्यात पडून होता आणि आम्ही सगळे दात-कान सांभाळत बसलो होतो.

"हाच!" मी म्हणालो. "हवालदार, हाच बसवा. प्रश्न मिटला."

त्यांनी मान हलवली. "उजेड न्हाई यात."

माझं डोकं सणकलं. मी उभा राहून ओरडलो, "अहो, उजेड उजेड काय लावलंय? तुमच्या कानांना झालंय तरी काय?"

गिटार बाजूला ठेवून त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करूनच सांगायला लागले.

"तोफंच्या उजव्या अंगाला उभा ऱ्हायाचो मी. कानात कापूस घालायचा हुकूम असायचा. पर कापूस घातला की साहेबाचा पुकारा कळायचा न्हाई, मग आमी काढून टाकायचो. तवा काय वाटलं न्हाई. हितं आल्यावर एक दिवस ध्यानात आलं, चिमण्या दिसत्यात पर वरडत न्हाईत. मिरजंला डाक्टरला दावलं. म्हणला, बारीक आवाज गेले, ते आता परत येत न्हाईत. बाकीचंबी हळूहळू जाणार."

"कधी दाखवलंत?"

"लय दिस झालं. ह्यो गोव्याचा पिकअप घ्यायच्या आधी."

मी गिटारीकडे बोट दाखवलं. "मग हे सगळं कशासाठी? ते वेढे, ती रांग, रोजचं ते स्क्रू काढणं? तुम्हाला माहीत होतं ना!"

ते वळले. हातात चहाची गाळणी तशीच होती.

"आवं मास्तर, बिघाड गिटारीत असंल तर दुरुस्त करता येतो. माझ्यात असंल तर कुठला स्क्रू काढू? म्हणून हिलाच फाडत बसलो."

चहा उतू गेला. आम्ही दोघांनीही तो पुसला नाही. मला या माणसाचा इतका राग यायचा, आणि आता तो कुणावर काढावा तेच कळेना. थोड्या वेळानं त्यांनीच स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि गोव्याचा पिकअप पक्का बसवायला घेतला.

"वरच्या दोन तारांचं मला आता कायबी कळत न्हाई," ते म्हणाले. "बोटं कुठं ठेवायची ते ठावं हाय, पर काय वाजतंय ते न्हाई. साताऱ्यात मी तुमच्या तोंडाकडं बघून वाजवतो. चुकलं तर तोंड वाकडं करा. लाजू नका."

साताऱ्याचा तो कार्यक्रम मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या अ‍ॅकॉर्डियनकडे माझं लक्षच नव्हतं, मी नुसता माझं तोंड सांभाळत होतो. कपाळावर माशी बसली तरी हाकलायची सोय नाही, हवालदारांना वाटायचं सूर गेला. ते माझ्याकडे टक लावून बघत होते आणि वाजवत होते. भक्तिगीत झालं, कव्वाली झाली. लावणीतला तो तुकडा आला आणि त्यांनी वरच्या तारेवर तो असा काही खेळवला की ढोलकीवाल्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवून पुन्हा मागितला. हवालदारांनी पुन्हा वाजवला. सुलभाताई गाणं विसरून ऐकत होत्या. बापूसाहेबांनी स्टेजवर येऊन त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "हवालदार, ह्या साली तुमीच. कोल्हापूरच्याला मी कळवतो."

सगळे खूश होते. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, त्याची जागा राहिली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण तो काही होईना. ज्यानं वाजवलं त्याला सोडून बाकी सगळ्या गावानं ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे सातारच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. गर्दी मरणाची. हवालदारांनी गिटार मांडीवर घेतली होती, पण स्क्रू-ड्रायव्हरला हात लावला नव्हता. मग ते म्हणाले, "मास्तर, एक इचारू का?"

"विचारा."

"लावणीतला तुकडा लोकांनी दोनदा मागितला न्हवं? कसा वाजला वो त्यो? मला सांगा की."

मी इतकी वर्षं भाषा शिकवलेली. 'छान' म्हणालो, 'फार गोड' म्हणालो, 'भरदार' म्हणालो. ते माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. मग मला एक सुचलं. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि तो तुकडा माझ्या जाड, खालच्या आवाजात म्हणायला लागलो. जिथे त्यांनी तार ओढली होती तिथे मीही सूर ओढला, जिथे ते थांबले होते तिथे थांबलो. शेजारची बाई पोराला घेऊन उठून पलीकडे जाऊन बसली. पांढऱ्या टोपीतला, धोतरातला एक शाळामास्तर भर स्टँडवर एका माणसाच्या कानात लावणी गातोय, हे पाहून दोघे-तिघे कंडक्टर हसायला लागले.

हवालदारांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांची डाव्या हाताची बोटं गिटारीच्या मानेवर हलत होती.

तुकडा संपला. त्यांनी डोळे उघडले, ते भरून आले होते.

"लय ग्वाड वाजवला की वो मी," ते म्हणाले.

तेवढ्यात सांगलीची गाडी लागली. माणसं पिशव्या घेऊन धावली. हवालदार काही उठले नाहीत. त्यांनी कान पुन्हा माझ्याकडे केला आणि मी तुकडा परत पहिल्यापासून म्हणायला घेतला.