येतो हो, शेठ!

कुलूपवाल्या शेठनी तो सिनेमा लावला तो निव्वळ धंद्याच्या अभ्यासासाठी. (निदान बायकोला तरी त्यांनी असंच सांगितलं.) घरात शिरलेल्या खुन्याचा थरारपट पाहून गिऱ्हाईक घाईघाईने येतं आणि डबल लॅच मागतं, म्हटलं बघू या तरी, लोक एवढे टरकतात कशाला! दुकानाला सुट्टी होती, जेवण अंगावर आलं होतं. शेठ हेडफोन चढवून सोफ्यावर मांडी घालून बसले.

मध्येच बायको समोर येऊन म्हणाली, "अहो, नळवाला आलाय, सिंकचं काम करतोय. मी वर वहिनींकडे आहे. लक्ष असू द्या."

शेठनी मान डोलावली. कानात एक अक्षर शिरलं नव्हतं. पण लग्न मुरलं की मान आपोआप डोलते.

सिनेमातला नवरा घरात एकटा. फोन वाजतो. पलीकडून घोगरा आवाज : "येतो." बस्स, एवढंच! आणि मेला खरंच येतो, हातात भला मोठा पाना घेऊन! शेठनी सोफ्यावरची उशी छातीशी धरली. धीर यावा म्हणून त्यांनी हेडफोन काढला, आणि नेमका दारातून घोगरा आवाज आला, "येतो हो, शेठ!"

आता, येतो म्हणजे जातो, हे आपल्यात रांगतं पोरही जाणतं. नळवाला बिचारा वायसर आणायला निघाला होता. पण शेठ त्या घटकेला सिनेमात राहायला गेले होते. त्यांनी झेप घेऊन दार लावलं, कडी घातली, खिट्टी सरकवली आणि वर चपलांचं अवजड कपाट दाराला लावलं.

थोड्या वेळाने थाप पडली. "शेठ, उघडा! माझा पाना आत राहिलाय!"

पाना! शेठच्या घशातून कुणा भलत्याचाच आवाज निघाला, "ख-खबरदार! आत माझे भाऊ झोपलेत. पैलवान आहेत सगळे!"

लगेच जिन्यावर धडाधड पावलं. शेठना एकदम आठवलं, अरे, ही कुठाय? दार उघडावं तर तो, न उघडावं तर ती! ते कपाटाशी कान लावून बसले.

तेवढ्यात दाराबाहेर कुजबुज ऐकू आली.

"ताई, घरात चोर शिरलाय. शेठ बोलले की नगारा वाजतो, हा कुणी वेगळाच आहे!"

"अगं बाई! कसा आहे हो आवाज?"

"बारीक. कापरा. आता रडेल की मग रडेल असा."

बायकोने सोडलेला सुस्कारा दाराच्या आत ऐकू आला. "हात्तिच्या! मग काही नाही. आमचेच ते."

शेठना इतकं हायसं वाटलं, की रागवायचं राहूनच गेलं. ते लगबगीने उठले. पण भीतीच्या भरात सरकलेलं कपाट जिवात जीव आल्यावर तसूभर हलेना. शेवटी तळमजल्याची मागची खिडकी उघडून शेठनीच नळवाल्याला हात जोडले, "बाबा रे, जरा घरात घुसतोस का?"