मगरीचं तोंड उघडं

साऱ्या आष्टी तालुक्यात खाजगी गुप्तहेर एकच, आणि तो म्हणजे मी, सुग्रीव. नजर घारीची, कान सशाचे, चाल चित्त्याची. माझा सहायक आसाराम म्हणतो, एवढी जनावरं अंगात शिरल्यावर माणसाला जागाच उरली नाही. त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही, कारण मोटारसायकल त्याची आहे.

त्या दिवशी अंगणवाडीच्या दिपालीताईंचा फोन आला. "भाऊ, लवकर या. आमची मगर सापडंना!"

मी घाईघाईत पँट चढवली आणि निघालो.

ताईंनी अंगणवाडीत चिंध्यांचं प्राणिसंग्रहालय मांडलं होतं. माकडाच्या पोटावर बटणं, जिराफाच्या गळ्यात नाडी, मगरीच्या तोंडाला चेन. प्राणी ओळखता ओळखता पोरं बटण लावायला, गाठ मारायला, चेन ओढायला शिकायची. पण पोरं नुसती खेळतात, शिकत काहीच नाहीत, अशी कुणीतरी तक्रार केली होती. म्हणून आज पर्यवेक्षिकाबाई येणार होत्या. त्यांनाही तसंच वाटलं तर अंगणवाडी ओढ्यापलीकडच्या गावात जाणार. एवढ्याशा पोरांना रोज ओढा कोण ओलांडून देणार? ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हे नक्राश्रू नाहीत, हे मी तात्काळ ओळखलं.

मी कमरेवर हात ठेवून वर्गाच्या मधोमध उभा राहिलो. चार वर्षांच्या तेजश्रीनं बोट वर केलं.

"मगरीचं तोंड उघडं हाय."

साक्षीदार! मी विचारलं, "कुटं हाय मगर?"

"तितं." तिनं माझ्याकडे बोट केलं.

मी गर्रकन मागे वळलो. मागे फक्त भिंत होती.

"आसाराम, मगर भुकेली हाय. आपल्या मागावर हाय."

"सायब, चिंध्याची हाय ती."

"तोंड उघडं, म्हंजे चेन गेली. ही साधी चोरी न्हाई बे, चेनचोरी हाय! बीडपासून नगरपर्यंत टोळी पसरलेली असणार."

"सायब, हितं मुंग्यांची रांग हाय. मागच्या दारातनं बाहेर चाललीय."

"मुंग्यांना मगर उचलवंल का?" मी त्याला गप्प केलं आणि पुन्हा तेजश्रीकडे वळलो. "नीट सांग बाळा, कुटं?"

"पट्ट्याखाली."

पट्टे! म्हणजे वाघ! मी झेप घेऊन चिंध्यांचा वाघ उचलला. खाली खडूचा तुकडा निघाला. आसाराम कपाळावर हात मारून मागच्या दारानं निघून गेला. हाताखालची माणसं अशी ऐनवेळी कच खातात.

तेवढ्यात पर्यवेक्षिकाबाई आत आल्या. मी पुढे होऊन ताठ उभा राहिलो आणि नमस्कार केला. सगळी पोरं माझ्याकडे बघून एका सुरात ओरडली, "मगरबाई, मगरबाई, तोंड मिटा!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

आसाराम परत आला तो ओली मगर घेऊन. "मागं दोरीवर वाळत हुती. पोरं तिला खिचडी चारत्यात, मुंग्या लागल्या म्हून मदतनीस छबुबाईनं धुतली."

"मंग उघडं तोंड कुणाचं?" मी गरजलो.

आसाराम माझ्या कानाला लागला. "सायब, तुमचं पोस्ट ऑफिस उघडं हाय."

मी भिंतीकडे तोंड केलं. सर्रर्र असा आवाज झाला.

"मिटलं!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

बाईंनी हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं. "पोरांना चेन लावता येते का, ते बघायला आले होते. ही तर मोठ्या माणसांनाही लावायला लावतात! ताई, अंगणवाडी कुठं जात नाही, इथंच राहील."

दिपालीताई हसता हसता पुन्हा रडल्या. मलाही लई बरं वाटलं. अंगणवाडी माझ्यामुळे वाचली, असं मी गावभर सांगितलं. आसाराम म्हणतो, तुमच्यामुळं न्हाई, चेनमुळं.

परवा अंगणवाडीवरून जाताना पाहिलं, तर माकडाला नवी पँट शिवली आहे आणि तिला चेनही आहे. पोरं त्याला सुग्रीव म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं, याचा तपास सध्या चालू आहे.