एल्डनसाठी घासलेले सहा दस्ते

लाकडातलं मला जितकं कळतं तितकं आमच्या पंचक्रोशीत कुणालाच कळत नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. चाळीस वर्षं मिनेसोटात स्वयंपाकघराची कपाटं केली आहेत, चेष्टा नाही.

गावातला कुणी माजी सैनिक गेला, की आम्ही सात म्हातारे दफनभूमीत उभे राहून तीन फैरींची सलामी देतो. बंदुका सैन्यातल्याच, जुन्या, अक्रोडाच्या दस्त्याच्या. आमचा म्होरक्या डेलमर स्कोगेन. बुधवारच्या बैठकीला तो आपल्या बंदुकीला काळा प्लास्टिकचा दस्ता बसवूनच आला आणि मासे तोलायच्या काट्यावर त्याने ती आणि एक लाकडी अशा दोन्ही बंदुका टांगून दाखवल्या.

"पाऊण पौंड हलकी," तो म्हणाला. "पावसात फुगत नाही, तेल मागत नाही. आर्लन, आपले खांदे आता लाकूड पेलायच्या लायकीचे राहिलेत का?"

"प्लास्टिक उरलेलं सूप ठेवायला ठीक आहे," मी म्हणालो. "माणसाला निरोप देताना हातात लाकूडच हवं. थंडीत ते हाताला चावत नाही."

"पण तुझे दस्ते कुंपणाच्या खांबांसारखे दिसतात."

हे मात्र खरं होतं. लाकूड पार करडं पडलं होतं. आणि शुक्रवारी एल्डनचा दफनविधी होता. एकोणीस वर्षं तो माझ्या डावीकडे उभा राहिलेला; तो आजारी पडल्यापासून त्या जागी वेंडेल. मी म्हणालो, "सहाही बंदुका दे. शुक्रवारी त्यात तोंड बघून दाढी करशील."

जवसाच्या तेलाचा नियम सोपा आहे: एकच पातळ हात द्यायचा, तळव्याने चोळायचा आणि आठवडाभर वाळू द्यायचा. माझ्याकडे होते दोन दिवस. म्हणून मी तीन जाड हात दिले.

कपडे धुवायला तळघरात आलेल्या लवॉनने, म्हणजे माझ्या बायकोने, एका दस्त्याला बोट लावलं. "हे ओलं आहे."

"ओलं नाही, तुकतुकीत आहे."

"माझं बोट चिकटलं, आर्लन."

"उद्यापर्यंत लाकूड सगळं ओढून घेईल."

"काय, माझं बोट?"

शुक्रवारी सकाळीही दस्ते काकवीसारखे चिकट. पण आम्ही पांढरे सुती हातमोजे घालतो, तेव्हा निभावेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पहिली फैर झकास झाली. पुढच्या फैरीसाठी काडतूस चढवणारा खटका हाताने मागे ओढावा लागतो. मी हात उचलला. हात आला, मोजा दस्त्यावरच राहिला. शेजारच्या वेंडेलचंही तेच. तशात जून महिना, कॉटनवूडच्या झाडांचा कापूस हवेत भरलेला. तिसऱ्या फैरीपर्यंत सहाही बंदुकांना पिसं फुटली होती आणि आम्हा सहा जणांच्या, दस्त्याला टेकलेल्या उजव्या गालांवर अर्धी अर्धी पांढरी दाढी. स्वच्छ होता तो एकटा डेलमर. त्याने मान वळवली नाही, पण त्याचा कान लालभडक झालेला मला दिसत होता.

पहिल्या रांगेत एल्डनची बायको बर्निस रुमालात तोंड घालून गदगदत होती. आपण हे काय करून बसलो, असं मला वाटलं. विधी संपल्यावर मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "बर्निस, चूक माझी आहे. त्याला याहून चांगला निरोप मिळायला हवा होता."

तिने रुमाल बाजूला केला. ती हसत होती.

"तीन आठवडे दवाखान्यात त्याच्या उशाशी बसले," ती म्हणाली, "हसायचं कसं तेच विसरले होते. आर्लन, तो असता तर खाली बसला असता रे, पोट धरून." मग माझ्या गालावरचा कापूस ओढता ओढता ती रडू लागली, आणि मीही.

चर्चच्या तळघरात सँडविच खाताना डेलमर शेजारी येऊन बसला. मी टोमण्याची वाट पाहत होतो. त्याने टर्पेंटाइनची चिंधी पुढे केली. "गाल पूस. सोमवारी दस्त्यांवर मतदान आहे."

मतदान झालं. प्लास्टिकच्या बाजूने सात मतं. सगळ्यात आधी वर गेलेला हात माझा होता. लाकडाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे म्हणा, पण हल्ली ते मला कुणी विचारत नाही.