दोन टक सैल

डुर्क हुकसेमाने खटक्याची पेडलं घेतली ती निव्वळ शोभेसाठी. आपिंगेडाम गावच्या सायकल-मंडळात वीस माणसं. त्यांपैकी एकोणीस जणांचे बूट पेडलात 'खट्' करून अडकायचे, आणि डुर्क तेवढा साध्या चपट्या पेडलांवर, कोथिंबीर आणायला निघाल्यासारखा, सगळ्यांच्या मागून यायचा. पण यंदा मंडळाच्या पुढारीपणाची पाळी त्याच्यावर आली होती. (पाळी आडनावांच्या अक्षरक्रमाने येते. डुर्क मात्र तिला निवड म्हणत असे.) पुढाऱ्याने चपट्या पेडलांवर बसावं हे त्याच्या मनाला पटेना.

शेजारच्या वुब्बोने त्याला समजावून पाहिलं. वुब्बोने चाळीस वर्षं सायकलींचं दुकान चालवलं होतं.

"डुर्क, त्या पेडलातून पाय झटकन काढता यावा लागतो. आणि तुझा पाय जरा…"

"जरा काय?"

"विचारी आहे."

झालं! डुर्कने दुसऱ्या गावी जाऊन पेडलं आणली आणि वुब्बोला जन्मात काही विचारायचं नाही अशी मनाशी गाठ मारली.

रविवारी पहिल्याच फेरीत, फुलवालीच्या दुकानासमोर सिग्नल लाल झाला. सायकल थांबली. पाय सुटेना. डुर्क क्षणभर सरळ उभा राहिला आणि मग सायकलसकट ट्यूलिपच्या बादल्यांवर हळूच आडवा झाला. फुलवालीने धावत येऊन आधी फुलं उचलली.

घरी येऊन त्याने पेडलांसोबतचं चोपडं वाचलं. पेडलाच्या मागच्या अंगाला एक बारीक स्क्रू असतो. एकीकडे फिरवला की आतली स्प्रिंग घट्ट होते, दुसरीकडे फिरवला की सैल. प्रत्येक फिरकीला 'टक' असा आवाज येतो. सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्याने शेडमध्ये सायकल उलटी करून सीटवर उभी केली, एलन-की हातात घेतली, बराच विचार केला आणि दोन्ही पेडलं दोन-दोन टक सैल करून टाकली.

संध्याकाळी चक्कर मारली तर पेडल होतं तसंच. मंगळवारी आणखी दोन टक. तरी तसंच. बुधवारी आणखी दोन. सहा टक सैल केल्यावर पेडलाने खरं तर आपण होऊन बूट काढून हातात द्यायला हवा होता! पण पाय उपटायला तेवढाच जोर लागत होता.

डुर्कच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

नगरपालिकेत कचऱ्याच्या डब्यांबद्दलच्या तक्रारी वाचण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. 'शेजाऱ्याने माझा डबा सरकवला', 'माझ्या डब्यात परका कचरा' असली पत्रं रोज वाचणाऱ्या माणसाचा माणुसकीवर फारसा विश्वास उरत नाही. गुरुवारी सकाळी आणखी दोन टक फिरवून त्याने फेन्नाची, म्हणजे बायकोची, नेलपॉलिशची बाटली गुपचूप उचलली आणि स्क्रूच्या डोक्यावर, बरोबर वरच्या बाजूला, एक लाल ठिपका दिला.

संध्याकाळी बघतो तर लाल टिकली कपाळावरून गालावर आलेली!

कोणीतरी पेडलात हात घालत होतं.

कुंपणापलीकडे वुब्बो उभाच होता. "काय डुर्क, पेडलं काय म्हणतायत?"

या साध्या प्रश्नात डुर्कला चार-पाच हेतू दिसले. 'तुला बरी पेडलांची आठवण झाली,' असं तो मनात म्हणाला आणि मोठ्याने म्हणाला, "मजेत आहेत."

शुक्रवारी सकाळीही त्याने नेमाने दोन टक फिरवले. रात्रीच्या जेवणाला मटारचं सूप होतं. फेन्ना त्याला वाढत होती आणि डुर्कचं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. बोट काळं होतं.

"बोटाला काय लागलंय गं?"

"बीट."

"बीट काळं असतं?"

"जुनं होतं," फेन्ना म्हणाली आणि सूप आणखी वाढलं. न मागता वाढलं! अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने न मागता सूप वाढल्याचं त्याला आठवेना. त्या सुपाची चव त्याला लागली नाही.

शनिवारी तो "न्हाव्याकडे जातो" म्हणून बाहेर पडला, घराला वळसा घालून मागच्या दारी आला आणि कोबीच्या वाफ्यात, कुंपणाच्या झुडपाआड, उकिडवा बसला. दहा मिनिटांत फेन्ना बाहेर आली. कुंपणापलीकडून वुब्बोचं डोकं वर आलं.

"त्याला कळलं नाही ना?" वुब्बोने विचारलं.

"छे! पण रोज रोज आता बोटं दुखायला लागलीत रे."

"शेडमध्येच ना?"

"शेडमध्येच. तो ऑफिसात असताना."

"आज कर शेवटचं. उद्या रविवार आहे."

डुर्कच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो ताडकन उठणार होता, पण गुडघे आखडले होते, म्हणून तो कोबी धरून टप्प्याटप्प्याने उठला.

"फेन्ना! किती दिवस चाललंय हे?"

"अगं बाई! सोमवारपासून. पाच वेळा झालं."

"पाच वेळा! आणि ह्याच्याबरोबर?"

"ह्याने फक्त कसं करायचं ते दाखवलं. पहिल्या दिवशी."

डुर्कने कोबी आणखी घट्ट धरला. "आणि… आणि माझा काही विचार?"

"तुझ्यासाठीच तर करतेय! स्क्रू काय मला स्वतःला हवाय?"

"स्क्रू?"

"पेडलाचा स्क्रू! तुला काय वाटलं?"

डुर्कला आधी इतकं हायसं वाटलं की फेन्नाला मिठी मारावी, आणि दुसऱ्याच क्षणी त्याहून जास्त राग आला. "म्हणजे माझ्या पेडलात हात घालणारी तू आहेस!"

"अरे, तुझ्याच भल्यासाठी. तू सकाळी जे काही करून ठेवतोस ना, ते—"

"एक अक्षर नको! उद्या मी पुढारी आहे. माझ्या पेडलांना हात लावणार नाहीस, वचन दे."

पण फेन्नाचं लक्ष आता दुसरीकडेच होतं. कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "डुर्क, स्क्रू कळायच्या आधी तुला काय वाटलं होतं?"

डुर्क कोबीकडे बघू लागला.

"अठ्ठावीस वर्षं संसार केला तुझ्याशी! आणि संशय? तोही वुब्बोचा?"

"'तोही वुब्बोचा' म्हणजे काय?" वुब्बो दुखावून म्हणाला.

"तू गप्प बस रे. डुर्क, घे वचन. हातच काय, आता बोटही लावणार नाही." आणि ती पाय आपटत आत गेली. त्या दिवशी सूप मागूनही मिळालं नाही.

रविवारी सकाळी डुर्कने शेडला आतून कडी लावली, सायकल पुन्हा सीटवर उलटी केली आणि आठवडाभरात बायकोने वाया घालवलेले दहाच्या दहा टक एका दमात वसूल केले. शेवटी स्क्रू पुढे फिरेचना. 'आता याहून सैल होणेच नाही,' असं म्हणून तो समाधानाने उठला. निघताना बूट पेडलात जाता जाईना. त्याने भिंत धरून दाण्णकन पाय मारला, तेव्हा तिजोरीचं दार लागावं तसा आवाज झाला.

पहिले बारा किलोमीटर मोठ्या ऐटीत गेले. पुढे डुर्क, मागे फेन्ना (तीही मंडळातलीच, पण अबोला चालू), तिच्यामागे वुब्बो आणि त्यामागे बाकीचे सतरा. मग कालव्यावरचा पूल आला. शिडाची एक होडी यायची होती, म्हणून लाल दिवा लागला, आडवा दांडा खाली आला आणि पूल उचलला जाऊ लागला.

डुर्कने उजवा पाय फिरवला. डावा फिरवला. उपटला, हिसडला, मनातल्या मनात विनवला. पेडल ढिम्म! ट्यूलिप डोळ्यांपुढे उभे राहिले. थांबलो की पडलो, हे जाणून त्याने दांड्याच्या अलीकडे हँडल वळवलं आणि रस्त्यात गोल फिरायला सुरुवात केली.

पुढाऱ्यामागे मुकाट जायचं हा मंडळाचा नियम. फेन्ना वळली, वुब्बो वळला, एकोणीसच्या एकोणीस सायकली वळल्या.

"पाय सुटत नाहीये!" डुर्क ओरडला. समुद्राकडून वारा भन्नाट सुटला होता.

"काय म्हणाला?" मागून कुणी विचारलं.

"सुटायचं नाही म्हणाला!"

"काय?"

"रांग सोडायची नाही म्हणतोय!"

रांग कुणीही सोडली नाही. होडी गेली, पूल खाली आला, दांडा वर झाला, दोन्ही बाजूंना मोटारी हॉर्न वाजवू लागल्या, आणि सायकलींचं रिंगण रस्ता अडवून फिरतच राहिलं. सातव्या फेरीला डुर्कची ताकद संपली. त्याने दिव्याच्या खांबाचा नेम धरला आणि सायकलवर बसल्या बसल्या त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं.

वुब्बो वाकून पेडल बघत म्हणाला, "अरे देवा! स्क्रू तळाला गेलाय. इतकं घट्ट कुणी केलं?"

"घट्ट? मी सैल करतोय आठवडाभर!"

"कुठल्या बाजूला फिरवलंस?"

"उजवीकडे."

"उजवीकडे घट्ट होतं!"

"एरवी होतं," डुर्क खांबाला धरून म्हणाला. "पण सायकल उलटी होती. सायकल उलटी, तर दिशाही उलटी."

 फेन्नाने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले.

"आणि मी दुपारी रोज ते सैल करून ठेवायची," ती हसू आवरत म्हणाली. "मला वाटलं, मुद्दाम घट्ट करतोयस, मर्दपणा म्हणून. म्हटलं, आपण बोलायला नको, मन दुखेल."

तेवढ्यात पुलाच्या खोलीतून पूलवाला तरातरा खाली आला. त्याच्या हातात वही होती. मोटारींची रांग दूर चर्चपर्यंत गेली होती.

"निदर्शनं करायची तर आधी परवानगी लागते," तो म्हणाला. "तुमच्या मागण्या काय आहेत?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"बरं, पुढारी कोण तुमचा?"

एकोणीस हात एकदम खांबाकडे गेले.

"खाली उतरा," पूलवाल्याने डुर्कला फर्मावलं.

"हीच आमची मागणी आहे," फेन्ना म्हणाली.