खडखड नव्हे, खुळखुळ

आमचे शेजारी साळवीकाका यांच्यासमोर ‘गाडीतून कसलासा आवाज येतो’ असे म्हणण्याची सोय नाही. “कसलासा आवाज भुताचा असतो,” ते म्हणतात. “गाडी शब्द बोलते. नेमकं सांगा.”

ही गाडी म्हणजे त्यांची जुनी, आखूड बांध्याची हिरवी जीप. रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे उंच कातळपठारावर, त्यांची आंब्याची कलमे आहेत. तिथवर चढणारी जांभ्याची वाट पाहून बकऱ्यासुद्धा क्षणभर विचारात पडतात. जीप मात्र चारही चाके रोवून निमूट चढते. परतते ती तांबड्या धुळीने माखून. दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिच्या बोनेटमध्ये कमरेपर्यंत नाहीसे होतात. ग्रीस, तापलेले रबर आणि कुंपणापलीकडचा मोहोर यांचा एकच वास होऊन माझ्या पडवीत येतो. माझा सकाळचा चहा कित्येक वर्षे त्याच वासात निवत आला आहे.

काकांची सारी नोकरी पोफळीला वीजगृहात गेली. यंत्र डोळ्यांनी पाहू नये, कानांनी वाचावे, ही त्यांची तिथली शिकवण. घरी आल्यावर त्यांनी जीपचा एक शब्दकोशच सिद्ध केला. कुरकुर म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस हवे. किरकिर म्हणजे पंख्याचा पट्टा सैल. घरघर म्हणजे चाकाचे बेअरिंग थकले. खडखड बाहेरची, खुळखुळ आतली. या दोन बहिणींत गल्लत करणारा माणूस त्यांच्या लेखी निरक्षर. एका गॅरेजवाल्याने ती गल्लत केली तेव्हा काका त्याला म्हणाले, “खडखड नव्हे, खुळखुळ. आधी मराठी शीक, मग पाना धर.”

“मराठीत पस्तीस पडले काका,” तो हात पुसत म्हणाला, “म्हणून तर पाना धरला.”

त्या दिवसापासून जीपचे सगळे औषधपाणी घरच्या घरी सुरू झाले.

काकांची मुलगी मेघना पुण्यात असते. आई गेल्यापासून बाबांनी त्या चढावर एकट्याने गाडी घालू नये, जीप विकून टाकावी, असा तिचा धोशा. मागच्या दिवाळीत वाद इतका ताणला गेला की काकांनी कुंपणाशी उभे राहून, मला साक्षीला ठेवून जाहीर केले, “ज्या दिवशी हिचं दुखणं मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी खुशाल विक गो. साळवीचा शब्द आहे.”

मेघनाने तो शब्द नीट घडी घालून पुण्याला नेला असावा.

पुढे महिन्याभराने काकांनी मला पहिल्यांदा जीपपाशी बोलावले. “बाई, तुम्ही कविता शिकवलीत. शब्द तुमच्याकडे पडून असतात. बघा बरं, काय म्हणते ही?” त्यांनी लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ माझ्या कानाशी दिली. लोखंडातून थरथरत एक बारीक, ओलसर नाद कानात उतरला. मी म्हटले, “फुसफुस.” त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि नेमकी सैल झालेली नळी आवळली. मग हे रोजचेच झाले. आयुष्यभर अनुप्रास शिकवल्याचे एवढे रोख फळ मला कधी मिळाले नव्हते, आणि माझा कान एका जाणकाराने ओळखला म्हणून मी मनातून सुखावलेही.

हे सुख एका झावळीने संपवले. एकदा काकांच्या पाठीमागे, दोन हातांवर, माडाची वाळकी झावळी त्यांच्या गॅरेजच्या पत्र्यावर आदळली. कावळे उडाले, माझ्या हातातली बशी हिंदकळली. काका क्लचबद्दल बोलतच राहिले. माझा चेहरा पाहून त्यांनी वळून बघितले.

“पडली काय?” ते म्हणाले. मग पेचकस फडक्याने पुसत, “डॉक्टर म्हणतात, वय. मोठं बोललं की कळतं, ओठ दिसले की कळतं. बारीक तेवढं गेलं. परवा आरे-वारेला गेलो होतो. समुद्र नुसता हलताना दिसला.” मग म्हणाले, “मेघनाला सांगू नका. ती गाडी नेईल.”

मी सांगितले नाही. एवढ्यावर थांबले असते तर बरे होते; पण मेघना येणार असे कळताच आम्ही दोघांनी खुणा ठरवल्या. मी कानातल्याला हात लावला की किरकिर, पदर सावरला की घरघर, बांगडी मागे सारली की खुळखुळ.

मेघना आली ती थेट जीपमध्ये जाऊन बसली. “फोनवर जेवलात का विचारलं, तर पाऊस नाही म्हणालात,” ती खिडकीतून मोठ्याने म्हणाली. “आज परीक्षा. पूर्वी तुम्ही पडवीतून ओळखायचात. तिथंच थांबा.” काका पडवीच्या पायरीवर ताठ उभे राहिले. मी कुंपणाशी. तिने किल्ली फिरवली. पुढच्या काचेवर पाऱ्यासारखे ऊन चकाकत होते. मला घाम फुटला, आणि घाम फुटला की बांगड्या मागे सारायची माझी जन्माची सवय.

“खुळखुळ,” काका ठामपणे म्हणाले. “टॅपेट बघायला हवं.”

मेघना मान बाहेर काढून म्हणाली, “बाबा, मी नुसती किल्ली फिरवली. इंजिन सुरूच केलं नाहीये.”

शांततेला आम्ही खूणच ठरवली नव्हती. तिचे ओठ काकांना दिसले असावेत. ते पायरी उतरले. माझ्याकडे त्यांनी रागाने बघितले नाही, याचेच मला अधिक लागले. गॅरेजमधली दुसरी किल्ली आणून त्यांनी तिच्यासमोर धरली. “शब्द दिला होता. ने.”

मेघनाने किल्ली घेतली नाही. तिने इंजिन सुरू केले. काकांनी बोनेटवर तळवा ठेवला आणि, आता लपवायचे काही उरले नव्हते म्हणून, सरळ मला विचारले, “काय म्हणते?”

“काही बिघाड नाही, काका.”

“ते हाताला कळतं. वाजते कशी ते सांगा.”

त्यांच्या कोशात सगळे शब्द दुखण्याचे होते; बरे असण्याला एकही नव्हता. तेवढ्यात मेघना खिडकीतून वाकली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “पारवा घुमतो तशी.”

काकांनी थोडा विचार केला. “एकटा, की जोडीनं?”

“जोडीनं. आता बसा. आरे-वारेपर्यंत जाऊन येऊ. मी चालवते. वाटेत जे जे वाजेल ते सांगत जाईन.”

“आणि विकायचं?”

“तुम्ही बसा तर.”

ते जीपला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. त्या आसनावर ते आजवर कधीच बसले नव्हते. तिकडचा सीटचा पट्टा कुठे असतो, हे त्यांना बराच वेळ चाचपडत शोधावे लागले.