जेवणाच्या टेबलावरची तांबडी

जेवणाच्या टेबलावर गेलं वर्षभर कोणी जेवलं नव्हतं. तिथं चष्मेवाल्यांचा शर्यतीचा रस्ता मांडलेला होता आणि भिंतीवरच्या कपाटात जुन्या काळच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या तळहाताएवढ्या प्रतिकृती. रस्त्यात दोन खाचा. गाडीखालची खुंटी खाचेत बसवायची आणि हातातल्या कंट्रोलरचा खटका दाबायचा, की वीज मिळून गाडी सुसाट निघते. जास्त दाबलं तर वळणावर उडते. चष्मेवाले नेहमी जास्तच दाबत.

दुकानात चष्म्याचा केसाएवढा स्क्रू अलगद बसवणारा हा माणूस, पण खटका हाती आला की अंगात वारं शिरायचं. त्यांची लाडकी गाडी म्हणजे लांब नाकाची, बिनटपाची तांबडी. ती रस्त्यावर कमी आणि सोफ्याखाली जास्त धावली होती. अशा गाड्यांच्या हौशी क्लबात ते जात, पण तिथल्या शर्यतीत तिनं शेवटची रेषा कधी पाहिलीच नव्हती.

बायको शाळेची बस चालवायची. दिवसभर पोरांचा कालवा पाठीवर घेऊन ती घरी यायची आणि ताट मांडीवर घेऊन जेवायची. एक दिवस तिचा धीर सुटला.

"अहो, मला पाय टेबलाखाली आणि ताट टेबलावर हवंय. बाकी काही नको. आपण शर्यत लावू. माझी गाडी जिंकली, तर हे सगळं माळ्यावर. तुमची जिंकली, तर जन्मभर मांडीवर जेवीन, हूं की चूं करणार नाही."

"अगं, पण तू कधी कंट्रोलर हातात तरी धरलायस का?"

"तुम्ही धरलाय ना? काय उजेड पडला?"

पैज ठरली. पंच म्हणून चष्मेवाल्यांच्या आईची नेमणूक झाली.

रविवारी सकाळी आईनं मोठ्या मायेनं सगळा रस्ता ओल्या फडक्यानं पुसून काढला. "शर्यत आहे ना रे आज? केवढी धूळ होती!" चष्मेवाल्यांनी वाकून पाहिलं. खाचांत पाणी साचलं होतं. त्यांनी कंट्रोलरच्या तारा सोडवल्या आणि बायकोचा हेअर ड्रायर चालवला. त्यानं रस्ता सुकला, पण प्लास्टिकचा पूल वाकला. मग पुलाखाली चष्म्यांच्या डब्या लावल्या. या धांदलीत तारा परत जोडल्या त्या डावीच्या उजवीला आणि उजवीच्या डावीला. स्क्रू मात्र अगदी घट्ट बसवले.

आईनं रुमाल हलवला. दोघांनी एकदमच खटके दाबले आणि दोन्ही गाड्या निघाल्या, त्यामुळे संशयाला जागाच उरली नाही. पहिल्या वळणावर बायकोची निळी गाडी उडाली ती थेट पंचांच्या मांडीवर.

"सूनबाई, तुझी गाडी माझ्याकडे आली गं!"

"बघ, सराव लागतो, सराव!" चष्मेवाले म्हणाले आणि मोठ्या मनानं बायकोसाठी थांबायचं म्हणून त्यांनी बोट उचललं. तांबडी थांबली नाही. आईनं निळी खाचेत ठेवली, यांनी चाचपून खटका दाबला, आणि निळीच टुणकन पुढे गेली. मग कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

आता बोलावं, तर तारा बदलून पुन्हा शर्यत होणार आणि तांबडी त्यांच्याच हाती येणार. मग तिचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गप्प बसलं, तर निळी उडवत राहिलं की झालं. आणि गाडी उडवण्याच्या कलेत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

निळी फळांच्या टोपलीत गेली, फ्रिजमागे गेली, आईच्या चपलेत गेली. तांबडी मात्र वळण आलं की दम खायची, वळण सरलं की वेग घ्यायची, वाकड्या पुलावरूनही डौलात जायची. इतकी वर्षं घरात असलेली ही गाडी इतकी सुंदर धावते, हे चष्मेवाल्यांना माहीतच नव्हतं. ते बघतच राहिले. खटका दाबायचंही विसरले.

"तांबडी जिंकली!" आई ओरडली. "अरे, जिंकलास की!"

बायकोनं कंट्रोलर ठेवला, ताट वाढून घेतलं आणि मुकाट्यानं मांडीवर ठेवलं. चष्मेवाल्यांना ते बघवेना.

"अगं, थांब. माझ्या हातून तारा उलट्या जोडल्या गेल्या. तांबडी तूच चालवत होतीस."

"माहितीय."

"आँ?"

"अहो, रोज बस चालवते मी. आपल्या हाताखाली कुठली गाडी आहे, एवढं कळणार नाही? पहिल्याच वळणाला बोट सैल केलं, तर तुमची तांबडी हळू झाली."

"मग उडवायची ना तिला! टेबल मिळालं असतं."

"आलं होतं मनात. पण गाडी हातात घेतली की सुखरूप पोचवायची, मला दुसरं काही येतच नाही."

"म्हणजे ती निळी माझ्या अंगावर तू घातलीस होय रे?" पंचांना आत्ता उलगडा झाला.

चष्मेवाल्यांनी माळ्याची शिडी आणली. पण बायकोनं ती परत भिंतीला लावली. "क्लबची शर्यत कधी असते? तांबडी मी चालवीन. तुम्ही स्क्रू बसवा, ते तुम्हाला छान जमतं. आणि हा पूल काढा, ताटांना जागा होईल."

पूल निघाला. तिघं दाटीवाटीनं बसले, पण पाय टेबलाखाली आणि ताटं टेबलावर. बायकोनं पहिला घास घेऊन डोळे मिटले.

"मीठ दे रे जरा," आई म्हणाली.

चष्मेवाल्यांनी हौसेनं मिठाची पुडी तांबडीच्या सीटवर ठेवली आणि कंट्रोलरकडे हात नेला.

"तुम्ही नको!" "तू नको!" दोघी एकदमच ओरडल्या.