लहान मापाची वर्दी

आमची नलूताई निकम दुकानात शिरली की गुप्ताजी आधी पंखा वाढवतात आणि मग पाणी मागवतात. पाणी नलूताईसाठी नसतं, स्वतःसाठी असतं.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, पाटणकर बाजारात, गुप्ताजींचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. दाराशीच एक बिनडोक्याचा पुतळा उभा आणि त्याच्या अंगावर हिरव्या-तपकिरी डागांची फौजी वर्दी. खांद्यावर फीत, छातीवर पदकांची रांग, कमरेला पट्टा. दोन वर्षांच्या बाळापासून पुढे सगळ्या मापांत मिळते. नलूताई पुतळ्यासमोर उभी राहते, कापड चिमटीत धरून बघते आणि अगदी गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारते, "भैयाजी, इसके साथ क्या-क्या आता है?"

सेल्समन नवा असला की फसतो. टोपी येते, बेल्ट येतो, शिट्टी येते, बंदूक येते, असं उत्साहाने सांगतो.

"और पेंशन का फॉर्म?"

मग गुप्ताजी पाण्याचा ग्लास रिकामा करतात.

नलूताई पासष्टीच्या आसपासची. बिजलीघरात कारकून होती, तिथून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. किला गेटजवळ आमच्या घराला लागून तिचं घर आहे आणि मी तिला लहानपणापासून बघतोय. उंच, वाळकी, चपला फटकारत चालणारी. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तिचं एकच वाक्य पाठ आहे: "हम ग्राहक हैं, हमको बुरा लगने का हक है." हा हक तिने कुठल्या कायद्यात वाचला, ते मला आजवर कळलेलं नाही. पण ती तो वापरते आणि लोक घाबरतात.

बाकी कुठल्या मालाबद्दल ती भांडेल, पैसे परत घेईल आणि विसरून जाईल. या वर्दीशी मात्र तिचं हाडवैर. दुसरं गिऱ्हाईक वर्दी हातात घेऊन उभं असलं की ही शेजारी जाऊन उभी राहते. एकदा एका तरुण आईला तिने फार मायेने समजावलं की बहनजी, हा कपडा झाडीत लपायला असतो, शत्रूला माणूस दिसू नये म्हणून. मेळ्यात तुमचं पोर हरवलं तर तुम्हाला तरी दिसेल का? ती बाई विचारात पडली आणि पिवळंधमक झबलं-टोपडं घेऊन गेली. नलूताई आठवडाभर खुशीत होती.

पुढे तिने प्रकरण कायद्याकडे न्यायचं ठरवलं. गोरखीजवळ बसणाऱ्या एका वकिलाकडे मला सोबत घेऊन गेली. वकील भला माणूस. त्याने विचारलं की मालात खराबी काय आहे, शिलाई उसवते, रंग जातो, काय होतं? नलूताई म्हणाली, "खराबी यही है कि बिल्कुल असली लगती है." वकिलाने आम्हाला चहा पाजला आणि फी घेतली नाही. वकिलाने फी घेतली नाही म्हणजे केस किती मेलेली आहे, ते मी ओळखलं.

मग बहिष्कार. गल्लीतल्या बायकांना गोळा करून ती दुकानासमोर उभी राहणार होती. आल्या चौघीजणी. त्यातल्या दोघींना आत सेल लागलेला दिसला, तर त्या "बस, एक चक्कर लावून येते" म्हणत गेल्या आणि पिशव्या घेऊन बाहेर आल्या. तिसरीला उन्हाचा त्रास झाला. चौथी नलूताई स्वतः. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो गल्लीच्या ग्रुपवर पडला आणि संध्याकाळपर्यंत नलूताई देशद्रोही झाली. जिचा बाप एकाहत्तरच्या लढाईत गेला ती देशद्रोही, आणि असं लिहिणारे कोण, तर ज्यांच्या घरात एनसीसीत जायलासुद्धा कुणी तयार नाही ते. गुप्ताजींनी दुकानाबाहेर मोठा तिरंगा लावला. त्या महिन्यात वर्दी म्हणे संपली, दिल्लीहून पुन्हा मागवावी लागली.

आमचं हे असंच आहे. आमचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यांवर बसून आले, असं आम्ही प्रत्येक लग्नात सांगतो. भिंतीवर तलवारी आहेत, त्यांना दसऱ्याला हळदकुंकू लागतं. पोरं मात्र पुण्याला आणि बेंगळुरूला कॉम्प्युटरसमोर बसतात आणि त्यात आम्हाला फार बरं वाटतं. फौजेत कुणाला जायचं नाही. वर्दी सगळ्यांना हवी, पण ती लहान मापाची, पँटला इलास्टिक असलेली. हे मी एकदा ग्रुपवर लिहिलं, तर मलाही काढून टाकलं.

नलूताईला ग्रुपचं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते बाळूचं. बाळू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आता बाळासाहेब निकम, आमच्या मित्र मंडळाचे अध्यक्ष. बाप गेला तेव्हा नलूताई नऊ वर्षांची आणि बाळू चार. आईने त्यानंतर जे अंथरूण धरलं ते जवळजवळ सोडलंच नाही. बाळूला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं हिने केलं. हिला दुसरं माणूसच नाही. त्याच बाळूने निरोप पाठवला की ताई, बाजारात माझ्या नावाची फजिती करून राहिली आहेस, हे बंद कर.

ही त्याच्या घरी गेली. मी बरोबर होतो. तिने एकच मागणं मागितलं. सव्वीस जानेवारीला मंडळाचा कार्यक्रम असतो, त्यात दरवर्षी पोरं फौजी होतात. यंदा बाळूचा नातू वेदू पहिल्यांदा स्टेजवर जाणार होता, चार वर्षांचा. "त्याला काहीही कर," ती म्हणाली, "मोर कर, आंबा कर, पोस्टमन कर. फौजी नको करू. एवढं माझं ऐक." बाळासाहेबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाही कळलं नाही. तिने हो समजलं.

सव्वीस तारखेला नलूताईला पहिल्या रांगेत बसवलं. वीरकन्या म्हणून तिला शाल आणि नारळ दिला. देशद्रोहाचा आरोप बहुधा त्या दिवसापुरता मागे घेतला होता. मग गाणं सुरू झालं आणि दहा-बारा पोरं पाय आपटत आली. सगळ्यांत पुढे वेदू. गुप्ताजींची सगळ्यांत लहान मापाची वर्दी, तीही बाह्या दुमडून. काजळाने मिशी काढलेली.

मी नलूताईकडे बघितलं. ती हलली नाही. मला वाटलं, सोसेल.

पण त्या नाचाला शेवट होता. फटाक्याचा आवाज झाला आणि वेदू पडला. छान पडला, शिकवलं होतं तसा. दोन मुलींनी येऊन त्याच्यावर तिरंगा पसरला, माइकवरून शहीद अमर रहे सुरू झालं आणि सगळं मैदान मोबाईल वर करून उभं राहिलं. वेदूची आई रडत रडत व्हिडिओ काढत होती. तो चार वर्षांचा जीव तिरंग्याखाली श्वास रोखून पडला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला शरम वाटली. मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, तरीही वाटली.

नलूताई उठली. नारळ माझ्या हातात दिला, स्टेजवर गेली, तिरंगा उचलून त्याची नीट घडी केली आणि निवेदकाच्या हातात ठेवली. मग वेदूला उचललं. "ऊठ रे राजा," ती म्हणाली, "झालं आता." वेदूने भोकाड पसरलं. न हलता पडून राहण्याचं बक्षीस गेलं म्हणून. "मैं हिला भी नहीं था, आजी," तो रडत ओरडत होता, "मैं बिल्कुल नहीं हिला था."

बाळासाहेब मंडपामागे आले. आम्ही दहा-पंधरा माणसं उभी होतो, पण त्यांनी आवाज खाली केला नाही. "ताई, तू माझी इज्जत मातीत घातलीस. तुला बाबांचा अभिमान नाही. कधी नव्हताच."

मला वाटलं, आता ही त्यांना उभा फाडील. गुप्ताजींना पाणी पाजणारी बाई ती. तिने पदर नीट केला, वेदूच्या तोंडावरची मिशी शालीने पुसली, त्याला त्याच्या आजोबांकडे दिलं आणि चालायला लागली.

वाटभर मी बोलत होतो. बाळासाहेबांना काय काय बोलायला हवं होतं, ते मीच बोलत होतो. दाराशी आल्यावर तिने मला थांबवलं.

"बाबा शेवटच्या सुट्टीत बाळूला म्हणाले होते, पुढच्या वेळेस तुला लहान मापाची वर्दी शिवून आणतो. तो रोज विचारायचा. मग मुरारच्या छावणीतून एक फौजी आला. आमच्या आजीने, बाबांच्या आईने, दार उघडलं. त्याने तिला सांगितलं. आजी साताऱ्याची, तिची मराठी आपल्यासारखी नव्हती. ती आत वळून आईला म्हणाली, 'अगं, वर्दी आली गं.'"

तिने शालीवरचा काजळाचा डाग नखाने खरवडला.

"आजीच्या मराठीत वर्दी म्हणजे खबर. मला काय पता? आपल्याकडे वर्दी म्हणजे वर्दी. मी अंगणात होते. मीच ओरडले, बाळू, तुझी वर्दी आली. तो धावत आला आणि नाचायला लागला. त्या माणसासमोर, आई आत कोसळलेली आणि हा दारात नाचतोय. त्याचा हात धरून विचारत होता, मेरी है ना, मेरी है ना? तो फौजी हां बेटा म्हणाला. मग तिथेच पायरीवर बसला आणि त्याला मांडीवर घेऊन रडायला लागला."

माझ्या हातात अजून तो नारळ होता. मी म्हटलं, ताई, हे बाळासाहेबांना सांग. आजच सांग. त्यांना कळेल तरी.

"त्याला एवढंच आठवतं की कुणी फौजी घरी आला होता आणि त्याने त्याला मांडीवर घेतलं होतं," नलूताई म्हणाली. "सगळ्यांना सांगतो, मोठ्या खुशीने. बाबांच्या पलटणीतला माणूस खास मला भेटायला आला होता म्हणून. ते एक आहे त्याच्याकडे. ते मी काढून घेऊ?"

तिने कमरेची किल्ली काढली.

"अभिमान नाही म्हणतो ना, म्हणू दे," ती म्हणाली आणि कुलूप उघडायला लागली.